मित्रांसोबत समुद्रकिनारी: आधी भरती-ओहोटी बघा, मग तारीख ठरवा

समुद्र बघायला निघालेली बरीचशी मंडळी दिवसभर गाडीची काच बघून परत येतात. यादीत आठ ठिकाणं असतात, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा गाडी लावण्यात आणि उरलेली फोटोत जातात. शेवटच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि कोणीतरी कोणावर तरी रुसलेलं असतं. हे टाळायचं असेल तर एक गोष्ट मान्य करावी लागते: किनाऱ्यावर वेळापत्रक समुद्राचं चालतं. ते आधी समजून घ्यायचं आणि आपली सहल त्यात बसवायची. खाली जे सांगतोय ते पहिल्यांदाच चार मित्र जमवून निघणाऱ्यांसाठी आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण आधीची पायरी चुकली की पुढच्या सगळ्या लंगडतात.

१. माणसं

एका गाडीत मावतील इतकीच न्या. चार ते सहा हा चांगला आकडा. दहा-बाराजण निघाले की किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत त्यांचे आपोआप तीन गट पडतात आणि एक माणूस दिवसभर बाकीच्यांना गोळा करत फिरतो. तो माणूस तुम्ही असाल, कारण हा लेख तुम्ही वाचताय.

निघण्याआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. पोहता येतं का? वाळूतून किंवा खडकांवरून तासभर चालवेल का? पहाटे उठणार का? तिसऱ्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, त्यावर फार विसंबू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र खरं मिळायला हवं. तलावात पोहता येणं वेगळं आणि लाटांत पोहता येणं वेगळं, हेही त्याच वेळी सांगून टाका.

आणखी एक. ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणणाऱ्याकडून दोन गोष्टी ठरवूनच घ्या. तसं केलं नाही तर तोच दुपारी तिसऱ्या थांब्यावर कुरकुरतो. प्रत्येक दिवसाचा एक म्होरक्या नेमा आणि त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. यात लोकशाही कमी आहे, पण भांडणंही कमी होतात.

२. तारीख, चंद्र बघून

नवखा माणूस सुट्टी बघतो, हॉटेल बघतो, हवामान बघतो आणि भरती-ओहोटी बघायची विसरतो. वास्तविक त्याच एका गोष्टीवर किनारा कसा दिसणार ते ठरतं. भरतीला पाणी थेट बांधाला किंवा कड्याला टेकलेलं असतं. तिथेच ओहोटीला लांबच लांब ओली पुळण, उघडे पडलेले खडक आणि त्यातली डबकी दिसतात. ठिकाण एकच, दृश्यं दोन.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि रोज ही वेळ अंदाजे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे शनिवारी ओहोटी सकाळी 10 ला असेल तर रविवारी ती 11 च्या थोडी आधी. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, म्हणून त्या जागेचं कोष्टक बघायलाच हवं. ते फोनवर सहज मिळतं, फक्त शेजारच्या बंदराचं न बघता आपल्या जागेचं बघा.

अमावास्या आणि पौर्णिमेला, त्यातही त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा फरक सर्वांत कमी. खडकांतली डबकी, ओहोटीत उघडी पडणारी वाट असलं काही बघायचं असेल तर उधाणाचे दिवस निवडा. नुसतं निवांत बसायचं आणि कडेकडेने डुंबायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. एक उपयोगी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: एखाद्या जागी पौर्णिमेची खोल ओहोटी दुपारी येत असेल तर अमावास्येचीही जवळपास त्याच सुमारास येते. एकदा वेळ कळली की पुढची सहल आखणं सोपं जातं.

फरक किती असतो? जागेगणिक वेगळा. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो 16 मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार-पाच मजली इमारतीइतका. भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यांवर तो फूटभरही नसतो. तुम्ही जाताय तिथे किती आहे हे ठाऊक नसेल तर पुळणीवर गाडी उतरवू नका. खरं तर ठाऊक असलं तरी उतरवू नका. ओल्या वाळूत चाकं रुतली की तुमच्याकडे वेळ किती आहे हे समुद्र ठरवतो.

३. रस्ता

दिवसाला दोन थांबे, फार तर तीन. प्रत्येक ठिकाणी किमान दोन तास. यावर मित्र ओरडतील, ओरडू द्या.

किनाऱ्याचा रस्ता फसवा असतो. नकाशावर नखाएवढं दिसणारं अंतर मध्ये खाडी आडवी आली की तासाभराचं होतं. वळणं असतात, चढ-उतार असतात आणि वाटेत कोणी ना कोणी ‘थांब थांब, काय दिसतंय बघ’ म्हणतंच. म्हणून फोन जितका वेळ सांगतो त्याच्या दीडपट धरा.

दिशा कोणती घ्यायची? जिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला राहील असा प्रवास आखा, उजव्या बाजूने चालत असतील तर उजव्या. त्यामुळे समुद्राकडची मार्गिका तुमची असते, मध्ये समोरून येणारी वाहनं येत नाहीत आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. परत येताना मात्र आतला मोठा रस्ता घ्या. एकच रस्ता दोनदा करण्यात फारशी मजा नाही. चालवणाऱ्या मित्राला समुद्र दिसत नाही हे लक्षात ठेवून दर थांब्याला चालक बदला, आणि खिडकीची जागाही फिरती ठेवा.

उजेडाचाही विचार इथेच करायचा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून समुद्रावर पडतं आणि पाणी खरं निळं-हिरवं दिसतं. दुपारनंतर तोच समुद्र डोळ्यांवर चमकतो, फोटोत सगळं पांढरं आणि माणसं काळी येतात. पूर्वेकडच्या किनाऱ्याचं बरोबर उलट. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर ‘रंग’ सकाळी बघायचे आणि ‘सूर्यास्त’ संध्याकाळी. मधली दुपार जेवण, झोप आणि पत्ते यांच्यासाठी ठेवा. दुपारी बहुधा वाराही वाढतो, कारण जमीन तापून हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते. होडीत बसायचं असेल तर तेही सकाळीच.

एक तरी थांबा उंचावर असू द्या. वाळूत उभं राहिलं की क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. शंभर मीटर उंच कड्यावरून ते 35 किलोमीटरच्या पलीकडे जातं. खालून ठिपका वाटलेलं जहाज वरून आख्खं दिसतं. कड्याच्या टोकापासून मात्र दोन-तीन पावलं मागे राहा. समुद्र कडा खालून पोखरतो, त्यामुळे आपण उभे आहोत तिथे खाली आधार आहे की नाही हे वरून कळत नाही. पाठ दरीकडे करून फोटो काढायचा आग्रह एखादा मित्र धरेलच. त्याला हाताला धरून मागे आणा, नंतर चिडवता येईल.

४. सामान

थोडक्यात सांगतो. टोपी, पाण्याच्या बाटल्या, लगेच वाळणारे कपडे, टॉवेल, कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीतच ठेवलेला. खडकांवर चालायला पट्ट्यांची घट्ट चप्पल किंवा जुने बूट हवेत, सपाता नकोत. प्लास्टिकची झिपवाली पिशवी फोनसाठी, टॉर्च, छोटी औषधपेटी, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

सनस्क्रीनबद्दल मात्र थोडं जास्त. एसपीएफ 30 किंवा त्याहून वरचं घ्या, बाहेर पडण्याआधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून आल्यावर तर लगेच. छत्रीखाली बसलोय म्हणून सुटलो असं होत नाही. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे 15 टक्के परत फेकते आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के. म्हणून हनुवटीखाली, कानांमागे आणि पायांच्या वरच्या बाजूलाही लावायचं. पायाची पावलं भाजलेला मित्र दुसऱ्या दिवशी कुठेच येत नाही.

५. पोहोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं

काही करू नका. पाण्यापासून लांब उभं राहा आणि बघा.

लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ बारक्या येतात, मग तीन-चार मोठ्या एकापाठोपाठ. पाच मिनिटं बघून ‘इथपर्यंत पाणी येत नाही’ असं ठरवणारा माणूसच भिजतो, आणि खडकावर असेल तर भिजण्यावर भागत नाही. सोपी खूण अशी की खडक ओला असेल तर तिथे लाट पोहोचते. काळा किंवा हिरवा तुळतुळीत असेल तर ते शेवाळ आहे, त्यावर पाय टाकायचा नाही. आणि समुद्राकडे पाठ कधीच करायची नाही, फोटोसाठीसुद्धा.

याच वेळात बावटे शोधा. जीवरक्षक असलेल्या बऱ्याच किनाऱ्यांवर वर लाल आणि खाली पिवळा असे दुरंगी बावटे लावतात. दोन बावट्यांमधल्या पाण्यावर त्यांची नजर असते, तिथेच उतरायचं. नुसता लाल बावटा म्हणजे उतरू नका. काही ठिकाणी खुणा वेगळ्या असतात, म्हणून फलक वाचा किंवा जीवरक्षकालाच विचारा. ते आनंदाने सांगतात. न विचारणाऱ्यांना बाहेर काढण्यापेक्षा ते काम त्यांना कितीतरी सोपं पडतं.

६. ओहोटीतली डबकी

अख्ख्या सहलीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी लोकांना सापडणारी गंमत हीच. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी खडकांवर जा आणि पाणी वळलं की निघायला लागा.

एका डबक्यापाशी उकिडवे बसा. सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा. पहिल्या मिनिटात काही दिसत नाही, नुसतं स्वच्छ पाणी आणि तळाशी वाळू. मग एक शंख सरकतो. गोगलगाय असेल असं वाटतं, पण तो भलताच चपळ असतो. नीट बघितलं की आतून बारीक पाय बाहेर येताना दिसतात: संन्यासी खेकडा, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा. तो वाढला की जुना शंख टाकतो आणि मोठा शोधतो. कडेला खडकाला चिकटलेलं लालसर किंवा हिरवट मांसल बटण दिसतं ना, ते समुद्रफूल. पाण्याबाहेर ते असं मिटून बसतं, पाण्यात पाकळ्या पसरतं. पाकळ्यांसारखं दिसतं ते सगळं भक्ष्य पकडायला आहे. खडकावर खरखरीत पांढरे छोटे डोंगर असतात, ज्यांनी तळवे सोलवटतात, ते बार्नॅकल. पाणी वर आलं की त्यांचं तोंड उघडतं आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन पाण्यातलं अन्न ओढून घेतात.

दोन माणसं एका डबक्यापाशी अर्धा तास बसू शकतात, आणि फोन काढत नाहीत. बघायचं, उचलायचं नाही. दगड उलटला तर हळूच पूर्वीसारखा ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. वाळूवर पडलेला जेलीफिश मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही, त्याच्या धाग्यांचा दंश मेल्यावरही होतो.

परतायची वेळ म्होरक्याने घड्याळात लावलेली असावी. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत जितकं पाणी चढायचं त्यातला बारावा हिस्साच पहिल्या तासात येतो, त्यामुळे ‘अजून कुठे काय आलंय’ असं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. तोवर मागची वाट पाण्याखाली गेलेली असते आणि तुमचा खडक बेट झालेला असतो.

७. पाण्यात उतरताना

दारू प्यायलेला माणूस पाण्यात जाणार नाही. यावर चर्चा नाही.

बाकीच्यांनी रिप करंट ओळखायला शिकावं. लाटा आणून टाकतात ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे धावतं. तो पट्टा कसा दिसतो? दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढऱ्या होत असतात आणि मध्येच एक जागा शांत, थोडी गडद असते. कधी त्यातून गढूळ पाणी किंवा फेस आत जाताना दिसतो. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा नाहीत. घोटाळा नेमका तिथेच होतो.

सापडलात तर किनाऱ्याकडे पोहत झगडू नका, कसलेला पोहणाराही त्यात दमतो. रिप करंट तुम्हाला आत ओढतो, खाली ओढत नाही. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि अंगात जोर असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हा, मग लाटांबरोबर तिरके बाहेर या. मित्र सापडला तर मागोमाग उडी मारायची नाही. जीवरक्षकाला हाक मारा, तरंगणारं काही फेका, त्याच्यावरची नजर हलू देऊ नका. ही सूचना पाळायला सर्वांत अवघड आहे, म्हणून ती कोरड्या वाळूवर उभं असतानाच एकमेकांना मोठ्याने सांगा.

पोहता न येणाऱ्यांना घोट्याएवढ्या पाण्यातही तितकीच मजा येते. एकाने त्यांच्याबरोबर राहायचं, आळीपाळीने.

८. होडी

लाइफ जॅकेट नुसतं अंगात अडकवू नका, पट्टे आवळा आणि शेजाऱ्याचे तपासा. होडी लागणाऱ्याने मध्यभागी बसावं, तिथे हेलकावे कमी जाणवतात. नजर क्षितिजावर ठेवावी. फोनमध्ये डोकं घातलं की मळमळ वाढते, कारण डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतो हलतोय. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे परतीला गाडी त्याच्या हातात देऊ नका. मोटर चालू असताना गप्पा ऐकू येत नाहीत, तेव्हा उगाच ओरडत बसू नये.

९. संध्याकाळ

सूर्यास्ताला किती वेळ आहे हे हाताने मोजता येतं. हात पुढे ताठ धरा, पंजा आडवा करा आणि क्षितिज ते सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात बघा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं, चार बोटांना तास. अंदाज ढोबळ आहे, ध्रुवांच्या बाजूला जाल तसा तो आणखी चुकतो, पण जागा पकडायला पुरतो.

जागा पकडा आणि गप्पा मारत बसा. सूर्य खाली येताना थेट टक लावू नका. क्षितिजाला टेकला की तो खालून चपटा दिसायला लागतो, कारण वातावरण प्रकाशाला वाकवतं. गंमत अशी की खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सरळ रेषेत बघितलं तर आख्खा सूर्य आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो. विषुववृत्ताच्या जवळ टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन मिनिटं लागतात, म्हणून त्या वेळी कोणाचा फोटो काढत बसलात तर तेवढंच हुकतं. हवा अगदी स्वच्छ असेल तर शेवटच्या कणाला क्षणभर हिरवी छटा येते. दरवेळी दिसत नाही, मित्र मात्र दरवेळी दिसली म्हणतात.

आणि मग सगळे उठून गाड्यांकडे पळतात. तुम्ही बसून राहा. चांगले रंग बहुधा सूर्य बुडाल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी चढतात, विशेषतः वर विरळ ढग असले तर. गर्दी गेलेली असते, वाहनतळही मोकळा होतो. फोन खिशात ठेवून निदान दहा मिनिटं गप्प बसायचं असं आधीच ठरवा. पहिली दोन मिनिटं कोणीतरी हसतं, मग जमतं. फक्त भरतीची वेळ आणि परतीची वाट आधी बघितलेली असावी, आणि टॉर्च हाताशी असावा.

१०. मुक्कामी आल्यावर

खर्चासाठी निघतानाच सगळ्यांकडून सारखी रक्कम गोळा करून एकाकडे द्या आणि सगळं त्यातूनच भागवा. हिशोब त्याच रात्री मिटवा. ‘घरी जाऊन बघू’ म्हटलेला हिशोब महिनोन्‌महिने ग्रुपवर लोंबकळतो.

फोटोंचं एकच सामाईक फोल्डर करा आणि प्रत्येकाने निवडून दहाच टाका. चारशे फोटो कोणी बघत नाही, दहा बघितले जातात.

चष्मे, कॅमेऱ्याचा बाहेरचा भाग आणि फोनचं कव्हर ओल्या फडक्याने पुसून घ्या. लेन्सवर वाळू असेल तर आधी फुंकून उडवा, पुसली तर चरे पडतात. गाडी गोड्या पाण्याने धुवा, खालच्या बाजूने जास्त, कारण मीठ पत्र्याला तिथून खातं. ओले कपडे बंद पिशवीत रात्रभर ठेवू नका. आणि पुढच्या वेळचा म्होरक्या कोण, ते परतीच्या गाडीतच ठरवून टाका. घरी पोहोचल्यावर कोणी फोन उचलत नाही.